निवडलेला नमुना

वसतिगृह, ४ सप्टेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, हे आपलं पद्धत म्हणून लिहिते. खरं म्हणजे या अभ्यासाने माझी झोप उडवली आहे. जगाच्या अन्नसुरक्षेचं पदव्युत्तर शिक्षण घेणार म्हटल्यावर ताई हसली होती, की घरात कुणाला कमी पडू न देण्याचं शास्त्र आईला येतंच, त्याला कॉलेज कशाला. पण आमचे सर रोज नकाशा लावतात आणि कुठे माणसं धान्य असून उपाशी राहिली, कुठे धान्य खाऊन आजारी पडली, ते शांतपणे सांगतात. मग ताटापुढे बसलं की माझा हात थांबतो.

आता प्रत्येकाने एका कोठाराचा माग काढायचा आहे. मी बाबांचं गोदाम मागून घेतलं. तिथला मका दळून मुलांच्या शाळांत शिजतो, म्हणजे ताईच्या छोटीच्याही पोटात जातो. दमट हवेत तो खाण्याजोगा राहतो का, ते बघायचं. बाबा, वेगवेगळ्या पोत्यांतून मूठमूठ काढून एक पिशवी पाठवाल ना? अहवाल तुमच्या साहेबांनाही जाईल. लेक बापाची परीक्षा घेणार, तयारीत राहा.

लोभ आहेच, भीती तेवढी कमी व्हावी.
तुमची खारू

१३ सप्टेंबर

चि. खारूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पिशवी पाठवली आहे. हे मका आणून ओट्यावर ठेवून गेले; पुढचं सगळं माझ्या गळ्यात. तुझ्या सरांच्या हातात आपल्या घरची वस्तू जाणार, म्हणून चादरीची चांगली बाजू बघून पिशवी शिवली. ह्यांचा जीव तुझ्या अहवालात अडकला आहे. गोदामाचं छत गळतं म्हणून हे सांगून थकले, साहेब कानाडोळा करतात. उद्या लेकीनेच नापास केलं तर काय, असं पुटपुटत असतात.

अंगणात बदकांचा नुसता कलकलाट आहे. छोटी सगळ्यांना नावं ठेवते. म्हणजे खरीखुरी नावं, माझ्यासारखी नव्हे.

भीतीने पोट भरत नाही. लोभ कर आणि वेळेवर जेव.
तुझी आई

वसतिगृह, २९ सप्टेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा पास झाले. तुमचा मका इतका स्वच्छ निघाला की सरांनी वर्गात मूठ भरून दाखवला. छत गळतंय तरी धान्य असं राहिलं, याचं त्यांना नवल वाटलं. अहवाल साहेबांकडे गेला. काल मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

आता माझ्यावरचा लोभ दुप्पट करायला हरकत नाही.
खारू

१० ऑक्टोबर

चि. खारूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी शेजारीपाजारी वाचून दाखवलं. अहवाल येताच साहेबांनी गाड्या सोडल्या. छोटीच्या शाळेतही मका पोचला, तिला तिथलं जेवण आवडतं.

आमच्या अंगणाला मात्र दृष्ट लागली. बदकं खाईनात, पंख पाडून बसतात, एकेक करून मरतायत. छोटी रडून रडून अर्धी झाली. बाहेरचं काही खाल्लं म्हणावं तर तसंही नाही. तुझ्या नमुन्यातलं जे निवडून निघालं, काळपट, सुरकुतलेले, हिरवट बुरा धरलेले दाणे, तेच मी त्यांना टाकत होते. सबंध दुपार परात घेऊन बसले होते मी. खाण्याजोगा आहे का ते बघायचं म्हणालीस, आणि न निवडता कोण खातं? सरांनी मूठ उगीच नाही दाखवली.

लोभ असू दे.
आई

वसतिगृह, १७ ऑक्टोबर

ती. आई,
नमस्कार.

काल गोदामाच्या फोनवर मी बाबांवर ओरडले, त्याबद्दल मला माफ करा. फोन मध्येच तुटला, म्हणून लिहिते.

आई, बुरशीचं विष तू बदकांना टाकलेल्या त्याच दाण्यांत असतं. पोतंभर मक्यात असे थोडेच असतात, आणि तू नेमके तेवढे काढून बाकीचे मला पाठवलेस. शाळांत कोण निवडतं? पोतं सरळ गिरणीत जातं. ते विष धुऊन, शिजवून जात नाही. सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसलेच. त्यांनी साहेबांना तार केली आहे, पण साहेबांच्या टेबलावर माझ्या सहीचा अहवाल आहे. घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर बाबांकडून वाचून घे.

छोटीला शाळेत जेवू देऊ नका. मेलेली बदकं पुरा. बाबा, दुसरा नमुना पाठवा. आई, पाया पडते, निवडू नकोस, पाखडू नकोस, फुंकरसुद्धा मारू नकोस.

खारू

२४ ऑक्टोबर

चि. खारूस आशीर्वाद.

साहेबांनी तुझा अहवाल माझ्यापुढे टाकला आणि विचारलं, की पोटच्या पोरीवरही विश्वास नाही का. तिच्यावर आहे म्हणूनच गाडी सोडायच्या कागदावर सही करणार नाही, असं मी सांगितलं. कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि घरी आलो. सरांची तार आल्यावर गाड्या थांबल्या, वाटेतल्या परत फिरल्या. छोटीच्या शाळेतली पोती मात्र संपली होती.

नमुना आहे तसा पाठवत आहे. मी पिशवी शिवताना तुझी आई हात पदराखाली घेऊन बसली होती.

तुझे बाबा

१५ नोव्हेंबर

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

निकाल समजला. नमुना वाईट निघाला, आणि मला त्याचा आनंद झाला असं हे म्हणतात. आनंद नव्हे ग. निदान या वेळी खोटं गेलं नाही. उरलेला मका साहेबांच्या देखत नष्ट केला. आता छत दुरुस्त होतंय.

छोटीला डॉक्टरांना दाखवलं. आज काही दिसत नाही म्हणाले. असलं विष यकृतात दबा धरून बसतं, कधी उमटेल किंवा उमटणारही नाही. तिच्या शाळेतल्या सगळ्याच पोरांचं तसं. तू काय लिहिणार, तेही मला कळतं. धीर देऊ नकोस, खरं ते लिही.

परवा ताट पुढे येताच छोटीने विचारलं, की आजीने हे निवडलं आहे का. तिला कुणी काय सांगितलं, देव जाणे. मी हो म्हटलं, तेव्हा तिने घास घेतला. आता रोज विचारते. मी रोज हो म्हणते, आणि ती जेवून उठेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसते.

लोभ असू दे, असं लिहायला हात धजत नाही. तरी असू दे.
आई