चांदतळ्याच्या नकाशातली म्हशींची वाट

११ ऑगस्ट, सोमवार

झाले एकदाचे करार! चांदतळ्याच्या बागेचे चारही तुकडे आज पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गेले. नावा एकाकडे, झुकझुक गाडी दुसऱ्याकडे, खाऊगल्ली तिसऱ्याकडे. आणि पाण्याकाठची हिरवळ घाटासकट इचलकरंजीच्या धवलशेठकडे. शेठ कसले, माझ्याहून पाच वर्षांनी लहान असतील! तिथं कॉफीचं हॉटेल काढणार म्हणे, संध्याकाळी गाणी.

लोक म्हणतात, बाग विकली. विकली नाही हो, भाड्यानं दिली! आणि होतं काय तिथं शिल्लक? गाडी सहा वर्षं रुळावर गंजत उभी. हंसाच्या नावेला मान नाही. कचरा टाकायच्या पेंग्विनची चोच कुणीतरी घरी नेलेली — काय करतात त्या चोचीचं, देव जाणे.

नकाशा माझा! दोन महिने टेप घेऊन बाग मोजली. झाडं, दिव्याचे खांब, नळ, मोडकी बाकंसुद्धा. इनामदार साहेब कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत. आज चष्मा कपाळावरून खाली घेतला, नकाशा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "रेषा स्वच्छ आहेत." आमच्या पालिकेच्या मालमत्ता विभागात याला शाबासकी म्हणतात. साहेब डिसेंबरात निवृत्त होणार. त्यांच्या खुर्चीसाठी कुणाची शिफारस करणार ते दिवाळीनंतर कळेल. मी तोंडानं काही बोलत नाही. पण लिहायला काय जातंय!

१७ ऑगस्ट, रविवार

मेले!

माहेरी गेले होते. दादा, म्हणजे आमचे वडील, गेल्यापासून गोठा आक्काच बघते, माझी थोरली बहीण. नऊ म्हशी, पहाटे साडेतीनला उठणं, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं दूध नासावं. मला जेवायला वाढता वाढता म्हणाली, "यंदा पाडव्याला चंद्रीच्या दोन्ही शिंगास्नी सोनेरी रंग. आणि मोरपिसं. तळ्यावर समद्यांच्या पुढं आपली चंद्रीच पायजे बघ."

माझा घास तोंडातच राहिला.

दिवाळीच्या पाडव्याला पेठेतल्या सगळ्या गवळ्यांच्या म्हशी सजून निघतात. पुढं मालक मोटारसायकलवर, फटफटीचा आवाज करत, आणि मागं म्हैस धावत. आक्का दादांची राजदूत काढते. चंद्री तो आवाज ओळखते, दुसऱ्या कुठल्या गाडीमागं एक पाऊल टाकत नाही. पेठेतून निघायचं, बागेच्या मागच्या फाटकातून आत, हिरवळ तिरकी ओलांडायची आणि घाटाच्या उतारावरून तळ्यात. पाण्यात चार पायांवर उभी राहिली की म्हशीला ओवाळतात. बाग नव्हती तेव्हापासून हे चालत आलंय.

ती वाट मी नकाशात दाखवलीच नाही.

पेंग्विन दाखवला! मोडका पेंग्विन दाखवला आणि म्हशींची वाट विसरले. गवळ्याची पोर मी! लहानपणी याच वाटेवर शेण तुडवत धावलेली. आणि करारातलं ते कलमही मीच टाइप केलं — नकाशात दाखवलेल्या हक्कांखेरीज जागेवर इतर कुणाचाही हक्क राहणार नाही. पंधरा वर्षं. धवलशेठनी उद्या मागच्या फाटकाला कुलूप ठोकलं तर आक्का काय करणार? आणि कुणामुळं?

आक्का म्हणाली, "काय गं, मीठ जास्त झालं व्हय?"

१८ ऑगस्ट, सोमवार

साहेबांच्या दारापर्यंत तीनदा गेले, तीनदा परतले. चौथ्यांदा त्यांनीच विचारलं, "बरं नाही का?" म्हटलं, पित्त झालंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

पाहणीला बागेत गेले. खरं सांगायचं तर जागा ओळखू येईना! गाडीला लाल रंग, हंसाला मान, पेंग्विनला पितळी चोच. झुकझुक गाडीवाल्यानं मला एक फेरी फुकट मारायला लावली. पस्तिशीला आलेली बाई गुडघे हनुवटीला लावून डब्यात — शिट्टी वाजली तेव्हा हसूच आवरेना.

मग हिरवळीवर गेले आणि हसू गेलं. मागच्या बाजूला नवं लोखंडी फाटक. भलं मोठं कुलूप.

धवलशेठ हसतमुख माणूस. सगळं हौसेनं दाखवत होते. मी हळूच म्हटलं, "हे मागचं फाटक वर्षातून एखाद्या दिवशी उघडं ठेवता येईल का?"

"कशाला मॅडम?"

काय सांगणार? चूक कबूल केली तर कागदावर येणार. तोंडातून निघून गेलं, "हवा येते."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "हवा येते व्हय! बघू की मॅडम."

हवा येते! काय ही माझी अक्कल!

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज आक्काकडं दुसरा डाव टाकून बघितला. म्हटलं, यंदा म्हशी पंचगंगेवर न्यायच्या का? नदी मोठी, फोटो छान येतात.

आक्का धार काढत होती. हात थांबला नाही, मानही वळली नाही. "तुझं डोकं ताळ्यावर हाय न्हवं? चंद्रीची आय त्याच वाटंनं गेली, तिची आज्जी त्याच वाटंनं गेली. मी राजदूत कुठंबी वळवीन, ती सरळ तळ्यालाच जाणार. म्हशीला काय नकाशा कळतोय व्हय?"

ते शेवटचं तिनं सहजच म्हटलं. पण मला चांगलंच लागलं.

वर दुधाचा पेला हातात दिला. "वाळलीयास. पी."

२ ऑक्टोबर, दसरा

सुट्टी असली तरी पूजेपुरतं ऑफिस उघडलं होतं. धवलशेठ तिथं सोनं द्यायला आले, सोबत पत्रिका. उद्घाटन पाडव्याला, सकाळी नऊ वाजता! "साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त, मॅडम. चुकवून चालेल का?"

आपट्याची पानं माझ्या हातातून खाली पडली. म्हशी बरोबर नऊला फाटकाशी पोचतात. दरवर्षी!

साहेब पलीकडच्या टेबलावरून म्हणाले, "वा. पाडवा चांगला दिवस." आणि चहा मागवला.

८ ऑक्टोबर, बुधवार

हिरवळ आली. गवत ट्रकमधून येतं, गादीसारखं गुंडाळून! माणसं उलगडतात आणि जमीन हिरवी होते. मी तोंडाला पदर लावून उभी. चाळीस म्हशी, प्रत्येकीचे चार खूर. गुणाकार केला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटी विश्वजितना सांगितलं. नवऱ्याला दोन महिने काही कळू दिलं नाही, ही माझी कर्तबगारी! आधी ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी. "गवळ्याची पोर आणि म्हशींची वाट विसरली! अगं, माशानं पाणी विसरावं तसं झालं हे!" मी रडायच्या बेतात. मग डोळे पुसून म्हणाले, "विसरणारच की. जे समद्यांस्नी ठाऊक असतंय ते कोण लिहून ठेवतंय? आता लिही."

"शिफारस जाईल."

"जाऊ दे. आक्काची वाट गेली तर परत कोण देणार हाय? खुर्ची काय, दुसरी मिळंल."

माझा जीव त्या खुर्चीत अडकलाय हे मला आजपर्यंत कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. राग आला. पण खरंच आहे ते.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

दिला कागद! अर्धं पान. ‘चांदतळे बागेच्या नकाशात म्हशींची पूर्वापार वाट दाखवण्याचे राहून गेले. चूक माझी आहे. आपण सांगाल ते ऐकायला तयार आहे, पण वाट बंद होऊ नये.’

साहेबांनी चष्मा खाली घेतला. वाचलं. परत वाचलं. म्हणाले, "बरं." कागद खणात टाकला, खणाला किल्ली लावली. "मी आजपासून रजेवर. मलकापूरला, लेकीकडं. दिवाळीच्या शुभेच्छा."

एवढंच! शिव्या तरी द्यायच्या!

धवलशेठना फोन केला. मागं नुसती ठाकठोक. "पाडव्याला भेटू की मॅडम!" फोन बंद.

पण रात्री जेवले मात्र पोटभर. दोन महिन्यांनी.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

चंद्रीची शिंगं रंगवायला बसले. लक्ष सगळं त्या कुलपात. सोनेरी रंग ओघळून तिच्या डोळ्यापर्यंत गेला. आक्का म्हणाली, "नवरी हाय का म्हस?" तिला अजून काही सांगितलेलं नाही. उद्या फाटकाशीच सांगेन. चंद्रीसमोर.

२२ ऑक्टोबर, पाडवा

काय लिहू आणि कसं लिहू!

पहाटे पेठेत म्हशींचा नुसता सोहळा. गळ्यात घुंगरांचे पट्टे, पाठीवर नक्षी, शिंगांना मोरपिसं. आक्का नऊवारी नेसून, डोक्याला फेटा बांधून राजदूतवर. पहिल्याच लाथेला गाडी सुरू! चंद्रीनं कान टवकारले आणि निघाली की मागं. त्यामागं चाळीस म्हशी आणि निम्मी पेठ. मी चप्पल हातात घेऊन आडवाटेनं धावत फाटकाकडं — सगळ्यांच्या आधी पोचून हातापाया पडायचं, एवढंच डोक्यात.

वळणावर आले आणि थांबले.

फाटक सताड उघडं! दोन्ही बाजूंना झेंडूचं तोरण. आणि आत हिरवळीवर तिरका पट्टा मोकळा सोडलेला, चांगला बारा फूट रुंद. त्यावरचं गवत दोन्ही कडेला व्यवस्थित गुंडाळून ठेवलेलं. खाली आमची जुनी लाल माती. थेट घाटाच्या उतारापर्यंत.

पट्ट्याच्या तोंडाशी लाल फीत बांधलेली. ताटात कात्री. धवलशेठ फेटा बांधून उभे. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही — गर्दीत गाडी अडकली होती, ती आमच्याच म्हशींमागं!

तेवढ्यात राजदूतचा आवाज. आक्का आत शिरली, फितीच्या खालून मान वाकवून गेली. चंद्री कशाला वाकतीय! सोनेरी शिंगानं फीत तोडली आणि ती तशीच मिरवत तळ्याकडं. झालं उद्घाटन! अशा शिट्ट्या, अशा टाळ्या! बँडवाल्यानं न विचारताच वाजवायला सुरुवात केली. आख्खी पेठ आत आली. म्हशी पाण्यात उभ्या राहिल्या, बायकांनी ओवाळलं, आणि दहा वाजायच्या आत हॉटेलातली कॉफी संपली! आक्कानं चाखून बघितली. "दूध पातळ हाय. उद्यापास्नं माझं घ्या. रतीब लावतो, पावणं." तिथंच ठरलं!

पाहुणे सव्वादहाला आले. त्यांच्यासाठी दुसरी फीत बांधली.

मी धवलशेठना गाठलं. "हे तुम्ही कसं —"

ते फक्त म्हणाले, "हवा आली का मॅडम?"

मी भर गर्दीत रडले. आक्काला वाटलं धूर गेला डोळ्यात. मग तिला सगळं सांगून टाकलं. तिनं पाठीत एक धपाटा घातला, जोरात. आणि दुसरा हात बराच वेळ खांद्यावरच ठेवला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेब आले. खण उघडला. माझ्या कागदासोबत आणखी एक कागद काढला — पुरवणी करार. ‘म्हशींची वाट, रुंदी बारा फूट, पाडव्याच्या दिवशी कायम खुली.’ खाली साहेबांची सही, धवलशेठची सही.

तारीख वाचली. १३ ऑगस्ट! मला स्वतःला आठवायच्या चार दिवस आधी!

"साहेब, तुम्हाला माहीत होतं?"

"नकाशा बघितला त्याच दिवशी. शेठला म्हटलं, बाईंना काही बोलू नका."

"मग मला का नाही सांगितलं? दोन महिने झोप नाही मला!"

"रेषा तुला येतात, ते दिसलंच होतं," साहेब म्हणाले. "चूक सांगायला येती का, ते बघायचं होतं. पित्त बरं झालं का?"

शिफारशीवर माझं नाव लिहिलंय. शाई वाळलेली होती. तारीख मात्र १७ ऑक्टोबरची, वसुबारसेची.

घरी येताना आक्कासाठी पेढे घेतले. दूधवालीला पेढे!

२७ ऑक्टोबर, सोमवार

फाईल कपाटात ठेवताना तळाशी जुनी फाईल मिळाली. बाग पहिल्यांदा केली तेव्हाची, १९९४ ची. शेवटचं पान पिवळं पडलेलं, अर्धंच. ‘नकाशात म्हशींची वाट दाखवण्याचे राहून गेले. मी त्याच पेठेत वाढलो, तरी राहून गेले. चूक माझी आहे. — य. द. इनामदार, कनिष्ठ लिपिक.’

माझा कागद त्याच्यावरच लावून ठेवला. पुढच्याला सापडेल असा.