शेवटच्या मंगलाष्टकाचा आवाज

८ जाने.
सुमाताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट अखेर संगणकात उतरली. चित्र बरं आहे. आवाज मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई. व्हिडिओवाल्याने मंगलाष्टकं पुसून वर स्वतःची रसिकता ओतली होती.
आईला बाबा गाताना पाहायचेत. मुलीची आई, त्यामुळे त्या वेळी ती रीतीप्रमाणे तुळशीला पाणी घालत होती, पाहिलंच नाही. आवाज आहे, पण वेगळ्या टेपवर. मावशीने मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेला. आई तो रोज सकाळी चहाबरोबर ऐकते. आता चित्र एका फाइलीत, आवाज दुसऱ्या. दोन्हींची गाठ बांधून डीव्हीडीवर बसवायचं. मोबाइल आईच्या बोटांना दाद देत नाही, डीव्हीडी प्लेअरचं बटण तेवढं वश आहे.

१० जाने.
सयाजीगंजात कोऱ्या डीव्हीडी शोधत हिंडलो. दुकानदाराला नवल, आता हे बघतं कोण: "काका, डीवीडी हवे कोण जुए छे?" म्हटलं, "मारी बा." आईसाठी म्हटल्यावर त्याने धूळ फुंकून गठ्ठा काढून दिला.

११ जाने.
सुरुवात जुळते. दुसऱ्या कडव्यात बाबा ओठ मिटतात आणि गातच राहतात. टेप मंद धावली असणार. आवाज आवळला, ताणला, पुन्हा आवळला. बायको डोकावून, "अहो, नवरा-नवरी उभे राहून दमले असतील."
मग युक्ती सुचली. प्रत्येक 'सावधान'ला अक्षता उडतात. शब्द ऐकू येतो, हात दिसतात. तिथे खिळा ठोकायचा. जिथे धूर तिथे अग्नी, जिथे सावधान तिथे तांदूळ. तर्कशास्त्र कधीतरी उपयोगी पडायचंच.

१४ जाने. उत्तरायण
गच्च्यांवर पतंग, स्पीकर, पतंग कटला की "काप्यो छे!"चा गजर. काम अशक्य. उंधियू खाल्लं, येरझाऱ्या घातल्या.
आई: "झालं का रे श्री? शेवटचं कडवं जवळून दिसतं ना? ते त्यांनी स्वतः रचलेलं." दिसतं, म्हटलं. अजून पाहिलं नव्हतं.

१५ जाने.
पाहिलं.
अक्षता सगळ्या जागेवर, शेवटच्या कडव्यातल्यासुद्धा. बाबांचे ओठ नाहीत. नाकाला रुमाल, मान खाली. सुमाताईच्या मागे उभे राहून नानाकाका गातायत.
बाबांचे धाकटे भाऊ. बाबांच्या तेराव्याला घराच्या वाटणीवरून आईशी वाजलं, तेव्हापासून या घरात त्यांचं नाव निघत नाही.
चित्र बंद करून नुसतं ऐकलं. शार्दूलविक्रीडित. बाबा बाराव्या अक्षरावर हटकून श्वास घेत. हा आवाज थांबत नाही, तसाच पुढे घुसतो. जन्मभर पोरांना वृत्तातला हा थांबा, यती, शिकवणारा मी. वर्षानुवर्षं हेच ऐकत चहा पितोय.

१६ जाने.
करजणला सुमाताईला फोन.
"तरीच! ते कडवं माझ्या मागून आल्यासारखं वाटलं होतं."
"मग बोलली का नाहीस?"
"अरे, नवरी होते मी. अंतरपाटाआडून चौकशी करू?" मग जरा थांबून, "आईला सांगू नकोस हं. तेवढाच आवाज उरलाय तिच्याकडे."
पण चित्र तिनेच मागितलंय. आणि बाबांचं कडवं अडलं तेव्हा ज्याने उचललं, त्याला मी कात्री लावायची?

१८ जाने.
दोन डीव्हीडी केल्या. एकीत शेवटच्या कडव्यावर सुमाताईचा चेहरा चिकटवला. सुंदर दिसते. कुणाला शंका येणार नाही. दुसरी जशी आहे तशी.
आई दारातून: "अजून किती शिजवणार?"
उद्या, म्हटलं. लिहिताही येत नाहीये धड. दोन्ही टेबलावर. उठतो, बसतो.

१९ जाने.
दुसरी, जशी आहे तशी, लावली. 
आई पुढे सरकून बसली. बाबा दिसले तसे तिचे ओठ हलू लागले. शेवटचं कडवं आलं. ओठ थांबले. मी भिंतीकडे पाहत होतो.
"परत लाव."
लावलं.
"अजून एकदा."
तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून ऐकलं. मग पडद्याकडे न बघता, "नाना अजून अकोट्यालाच असतो का?"
"हो."
"पुलापलीकडेच की."
आणि भाजी निवडायला घेतली. मेथी. मी समोर बसून होतो. फोन लाव म्हणाली नाही, लावू नको असंही नाही.