कांजिण्या कुणाला आल्या होत्या

३ मार्च, सोमवार
डाव्या बरगडीपासून पाठीच्या कण्यापर्यंत फोडांचा पट्टा. नुसती आग! थिनरच. परवा कपाटाला पॉलिश मारताना डबा लवंडला, ॲप्रनचा बंद भिजला, तोच तिथे घासला. ही म्हणते, "डॉक्टरांना दाखवा." दाखवायचं काय? कुणाच्या हाताखाली न राहता पॉलिश शिकलो, थिनर काय करतं ते मला ठाऊक! उद्या कपाटाला दुसरा हात.

५ मार्च, बुधवार
लेक राहायला आली. तिसरा महिना. उलट्यांनी चेहरा एवढासा झालाय. तरी आल्या आल्या माझ्यावरच डाफरली — "बाबा, सदरा काढा. स्वतःचा हात पोचत नाही, आणि ऐट बघा!" गार बोटांनी मलम लावलं. दोन फोड फुटले, ते ओढणीनेच टिपले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

७ मार्च, शुक्रवार
मलम चालू. ठणका तसाच.

८ मार्च, शनिवार
गेलो एकदाचा. डॉक्टरीणबाईंना थिनरची हकीकत नीट सांगत होतो, त्यांनी अर्ध्यावरच तोडली. "काका, ही नागीण आहे. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात दडून बसतो, तो आता उठलाय. फोडांतलं पाणी कुणाला लागलं का?"

"मुलीला. मलम तीच लावते."

"तिला कांजिण्या येऊन गेल्यात? गेल्या असतील तर भीती नाही. नसतील तर आता येऊ शकतात."

म्हटलं, तिला दिवस गेलेत. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळू बोलल्या — अशात कांजिण्या आल्या तर आईच्या फुप्फुसांना धोका. क्वचित बाळालाही बाधतं. हातपाय, डोळे. "क्वचित हं, काका! आजच तिचं रक्त तपासा."

क्वचित म्हणजे किती? विचारायचं धाडस झालं नाही. मला!

त्याच दिवशी, संध्याकाळी
रक्त दिलं. मी आतल्या खोलीत, दार लावून. ही बाहेरून छातीठोकपणे सांगते, "दोन्ही पोरांना आल्या होत्या! खाजवू नये म्हणून दोघांच्या हातांना मोजे घातले होते मी."

चूक. आल्या त्या थोरल्याला. त्याचा पहिला फोड दिसला तसं मी धाकटीला सायकलवर बसवून मावशीकडे पोचवलं. निळा फ्रॉक. एक चप्पल वाटेत पडली. त्याच्या खपल्या गळेपर्यंत तिला घरी आणली नाही. इतकी वर्षं फुशारकी मारतोय — माझ्यामुळे पोर वाचली!

९ मार्च, रविवार
लेक दारापलीकडून म्हणाली, "बाबा, तुमचं कधी चुकत नाही ना? एकदा चुका की हो. माझ्यासाठी." हसत होती. मग नाक ओढल्याचा आवाज.

आठवण ताणून ताणून पाहतोय. चप्पल दुसऱ्या कुठल्या खेपेला पडली असेल. मोजे खरंच दोघांना असतील. हिचं सगळं सांडलवंड असतं, पण आई आहे ती, तिला कळणारच! देवा, मला एकदा खोटं पाड.

१० मार्च, सोमवार
रिपोर्ट आला. तिच्या रक्तात संरक्षण नाही. जावई तिला इंजेक्शनसाठी घेऊन गेले.

ही दारापाशी आली. मग म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं."