पाण्याला तोंड देऊन

नवसारी,
दि. १८ नोव्हेंबर १९९०

ती. सौ. अक्कास,
अभिमनचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड परवा मिळालं. मायच्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलं हे एक बरं झालं. आता माझं ऐक, नेहमीसारखं नाक मुरडू नकोस. नानांना दोन महिने माझ्याकडे पाठव. तुझी शाळा, तुझं स्वतःचं घर, वर मायच्या डोळ्यात औषध घालायचं. त्यात नानांच्या मागे पांझरेच्या काठाने तू कुठवर धावणार? आठवड्यात दोनदा त्यांना शोधून आणलंस म्हणून लिहितेस. अशाने तूच अंथरूण धरशील.

तीन वर्षं तुम्हा सगळ्यांना या म्हणतोय, कोणी येत नाही. सुरतेला जाऊन आलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकून तुम्हाला वाटतं की मीही तसल्याच धुरात राहतो. सुरत इथून आगगाडीने तासाभराच्या आत, त्यामुळे कामधंद्याला ददात नाही, पण तिथली रेटारेटी इथे पोचलेली नाही. आमच्या खोलीपासून पूर्णा नदी पंधरा मिनिटांवर. रविवारी माणसं बायकापोरांसकट काठावर येऊन बसतात, शेंगा फोडतात, पोरं पाळण्यात बसतात. काळ्या टोप्यांचे पारशी म्हातारे काठी टेकत फिरायला येतात आणि ओळख नसली तरी साहेबजी म्हणतात. नवसारीत माणूस हरवत नाही, अक्का. आमची शकू सहा वर्षांची, दोनदा बाजारात चुकली. दोन्ही वेळा कोणीतरी घरी आणून सोडली, वर हातात पेपरमिंट.

आणि नानांसाठी खास गंमत म्हणजे ही नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. समुद्र जवळ, त्यामुळे भरती आली की पाणी खालून वर गावाकडे चढतं. उभा जन्म पाण्यामागे घालवलेल्या माणसाने हे पाहायलाच हवं.

कुसुम तुला नमस्कार सांगते. मायला म्हणावं, डोळा उघडला की पहिलं माझं गाव बघ. उत्तर लवकर टाक, माया आहे तशी राहू दे.

तुझा,
अभिमन


धुळे,
दि. २७ नोव्हेंबर १९९०

चि. अभिमन यास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या गावाची जाहिरात वाचून वाटलं, तू कारखान्यात फिटर नसून नवसारीचा नगराध्यक्ष आहेस. उलट्या नदीची गोष्ट शकूला सांग, मला नको. मी तिसरीच्या पोरांना शिकवते की नदी डोंगरात उगम पावते आणि समुद्राला मिळते. मिळालेली नदी परत येत नाही. लहानपणीही तू अशाच थापा मारायचास आणि मार मला बसायचा.

पण नानांना पाठवते. हट्ट करायची ताकद आता माझ्यात उरली नाही. मी दमले आहे, हे तुला लिहायला लाज वाटते. हे त्यांना घेऊन धुळे-सुरत एस.टी.ने येतील आणि तुझ्या हाती देऊन परत फिरतील.

आता नीट वाच. नानांना नातवंडांची नावं आठवत नाहीत, जेवलो की नाही आठवत नाही, पण पाटकरीपण विसरले नाहीत. चाळीस वर्षं फडातल्या शेतांना पाणी सोडलं त्यांनी. पाटाला पाणी कमी दिसलं की काठाकाठाने वर बंधाऱ्यापर्यंत जाऊन बघायचं आणि फळी कोणी सरकवली ते शोधायचं, हेच त्यांचं आयुष्य. अजूनही सकाळी उठले की म्हणतात, पानी कमी व्हयनं शे, मी वर देखी येस. आणि निघतात. पाण्याला तोंड देऊन चाललं की बंधारा येतोच, असं ते तुला खांद्यावर घेऊन सांगायचे, आठवतं का? म्हणून मला ते सापडतात. सुटले की मी इकडेतिकडे बघतच नाही, पाण्याच्या उलट अंगाने वर चालत जाते. मैलभरात भेटतात. रागवायचं नाही. बंधारा पाहून आले, पाणी सुरू झालं, असं म्हणायचं. मग मुकाट्याने घरी येतात.

दाराला आतून वरची कडी लावत जा. वरची म्हणजे वरचीच.

कुसुमला आशीर्वाद, शकूला पापा. तू जपून राहा, आणि त्यांना त्याहून जपून ठेव.

तुझी,
अक्का


नवसारी,
दि. ६ जानेवारी १९९१

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

मायची पट्टी सुटली आणि तिने तुला आधी पाहून मग तुझ्या पांढऱ्या केसांबद्दल बोल लावला, हे वाचून आम्ही हसलो. महिनाभर तिने डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले ना? मग तिला फक्त चांगल्या बातम्या सांग, त्या मी देतो.

नाना इथे रमलेत. संध्याकाळी त्यांचा हात शकूच्या हातात असतो आणि दोघं माझ्यापुढे काठाकाठाने चालतात. शेंगावाला त्यांना ओळखतो. एक पारशी बावा रोज बाकावर जागा करून देतो. तो गुजरातीत बोलतो, नाना आपल्या बोलीत, आणि दोघांचं व्यवस्थित चालतं.

परवा मात्र मजा झाली. आम्ही गेलो तेव्हा भरती लागली होती. नाना पाण्याकडे बघत उभे राहिले ते हलेचनात. मग बावावर भडकले. कोणीतरी पाट उलटा फोडला आहे, बठ्ठं, सगळंच पाणी चुकीच्या अंगाला चाललंय आणि तुम्ही शेंगा खात बसलात, म्हणाले. बावाने हात जोडून माफी मागितली. कुसुम हसून हसून दमली.

कडीचं विचारशील म्हणून सांगतो. सुरुवातीला लावत होतो. पण आता चाळीतला प्रत्येक जण त्यांना ओळखतो, आणि कोंडलं की ते दारावर हात आपटत बसतात, ते मला बघवत नाही. काळजी करू नकोस. संक्रांतीला इथे सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर असतं. तुम्ही हव्या होतात.

मायच्या पायांवर डोकं. तुझा राग आला तरी चालेल, पण पत्र येऊ दे.

तुझा,
अभिमन


धुळे,
दि. २५ जानेवारी १९९१

चि. अभिमन यास आशीर्वाद.

शोधायला आलेल्या यांचं सुरतेहून पत्र आलं. नऊ दिवस झाले, काही पत्ता नाही. तू, हे, तुझ्या कारखान्यातले लोक नदीने वर वर जात उसाच्या गावांपर्यंत पोचलात, पोलिसांत वर्दी दिली, छापील कागद चिकटवले. तरी नाही.

तुझी तार सतरा तारखेला शाळेत आली. अमावास्येच्या सकाळी नाना घरातून निघून गेले, इतकंच. मी वर्ग सोडून तारऑफिसात गेले आणि लिहून दिलं, नाना पाण्याच्या उलट जातात, नदीच्या वरच्या अंगाला शोधा. तेच आजही सांगते. अजून वर जा. त्यांचे पाय चांगले आहेत, दिवसाला पाच कोस सहज कापतील. कुठल्यातरी बंधाऱ्यावर बसलेले असतील. पूर्णेवर कुठे बंधारा आहे ते विचार. बंधारा लागला की ते थांबतात.

कडी का लावली नाहीस रे? एवढं एकच मागितलं होतं. कुसुम गच्चीवर पतंगाचा मांजा गुंडाळत होती, तू पहिल्या पाळीला गेला होतास, चाळीतल्या भल्या माणसांनी त्यांना जाताना पाहिलं आणि हात वर करून नमस्कार केला. असल्या भलेपणाला काय करू मी? तुला बोलणार नव्हते, पण बोलले. आता पुसत नाही.

मायला मी सांगितलं की नानांना तिकडची हवा मानवली म्हणून ते आणखी राहणार आहेत. तिने ऐकून घेतलं. मग तासाभराने विचारलं की त्यांनी धोतरजोड्या किती नेल्या होत्या. तिला समजलं आहे, अभिमन. ती डोळे मिटून सरळ बसून राहते, कारण डॉक्टरांनी रडू नको म्हणून सांगितलं आहे.

तारेची वाट बघते. बाकी काही नको.

अक्का


नवसारी,
दि. १९ फेब्रुवारी १९९१

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारदा लिहून फाडलं. मायला वाचून दाखवू नकोस.

काल एक मासेमार आमच्या छापील कागदापैकी एक घेऊन आला. त्याचं गाव खाली, खाडीच्या तोंडाशी आहे. तिथे आम्ही एकही कागद लावला नव्हता. हा त्याला बाजारात दिसला. अमावास्येच्या दुपारी धोतर नेसलेला एक म्हातारा त्याच्या होडीजवळ आला होता. त्याची भाषा ह्याला कळेना. ह्याने पाणी दिलं, रोटला दिला. म्हातारा बसून जेवला आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा विचारत होता. मासेमाराने तो पाठ ठेवला होता. मला म्हणून दाखवला. बंधारा, म्हणाला. मग म्हातारा उठला, पाण्याकडे बघून मान हलवली आणि पुढे समुद्राच्या अंगाला गेला. पुढे नुसता चिखल आणि तिवराची झाडी. मासेमाराला वाटलं, पलीकडच्या गावचा कोणी असेल.

अक्का, अमावास्येला मोठी भरती असते. नाना निघाले तेव्हा पाणी खालून वर चढत होतं. ते पाण्याला तोंड देऊन चालले, आयुष्यभर चालले तसे. इथे पाण्याला तोंड म्हणजे समुद्राकडे. आम्ही बारा दिवस डोंगराकडे शोधत होतो.

तुझी तार चूक नव्हती. तू ही नदी पाहिली नव्हतीस. मी रोज पाहतो. मीच तुला कौतुकाने लिहिलं होतं, नाना पाट उलटा फुटला म्हणून भडकले तेव्हा मीच हसलो होतो. तुझी तार हातात घेऊन मी नदीवर गेलो तेव्हा ओहोटी होती, पाणी सरळ वाहत होतं, आणि मी सरळ वर चालू लागलो. त्याच संध्याकाळी खाली गेलो असतो तर ते कदाचित भेटले असते. मासेमार म्हणतो, अमावास्येच्या दुपारी ते चांगले चालत होते.

आज त्याच्या होडीतून जाऊन आलो. तिवरात एक वहाण मिळाली. नानांचीच असेल असं छातीठोक सांगता येत नाही. अशा वहाणा इकडेही मिळतात.

तू मला कडीबद्दल बोललीस ते खरं आहे. मी काठावर जाणं सोडलं. पारशी बावा घरी येऊन रडून गेला. माझ्यावर आशीर्वाद ठेव असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

अभिमन


धुळे,
दि. २७ ऑगस्ट १९९१

चि. अभिमन यास,
अक्काचे अ. उ. आ.

मे महिन्यात तुझ्याकडून परतल्यावर मी लिहिलं नाही. राग नव्हता. त्या चार दिवसांत माय काठावर बसून राहिली, आजूबाजूला लोक पोरांना घेऊन हसत होते, पाळणे फिरत होते, आणि गाव तू म्हणत होतास तसंच चांगलं होतं. याचाच मला त्रास झाला. मग पाणी थांबलं आणि उलटं चालू लागलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. तुला थापाड्या म्हटलं होतं, ती मी. मोठ्या तोऱ्यात तार करणारीही मीच. तुझी कडी आणि माझी तार, दोघांचं सारखंच आहे. यापुढे तू एकट्याने घ्यायचं नाहीस.

आता श्रावणातल्या कानबाईच्या सणाचं. तुला रजा मिळाली नाही ते एका परीने बरंच झालं. देवीच्या नैवेद्याच्या रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे. आपल्या घरी दोनच, नाना आणि तू. भाऊबंदांत कुजबुज होती की यंदा एकच मूठ घ्यावी, पाटकऱ्याचे दिवस करून टाकावेत, मायने कुंकू पुसावं. मी चौकटीबाहेर बसले होते. सासरी गेलेल्या लेकीला माहेरच्या रोटांत हात घालता येत नाही. मायने सुपात पहिली सव्वा मूठ घेतली आणि नानांचं नाव घेतलं. मग तुझं.

पण नानांच्या वाट्याचे रोट खायचे कोणी? पुनवेच्या आत संपवायचे, परक्याला द्यायचे नाहीत. मायने तुझ्या वाट्याचे खाल्ले, त्यांचे फडक्यात बांधून ठेवले. पुनवेला मला म्हणाली, नदीवर चल. वाटेत तिने विचारलं की आपली पांझरा कुठे जाते. मी सांगितलं, तापीला मिळते. तापी? सुरतेपुढे समुद्राला. आणि समुद्राचं पाणी अभिमनच्या गावात चढतं, हे तिने स्वतः पाहिलं होतं. ती पावलं भराभर टाकू लागली.

पाऊस यंदा लांबला आहे. वर पाणी अडवलेलं, खाली नुसती डबकी. मी फडकं सोडून रोट पाण्यात ठेवले. ते तिथेच राहिले. मायचा तो डोळा अजून दूरचं धड दाखवत नाही. तिने विचारलं, गेले का पुढे? मी म्हटलं, गेले. पोरांना भूगोल शिकवणारी मी, सरळ खोटं बोलले.

मग ती वाकली, पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिला कळलं. मला वाटलं, आता तरी ही रडेल आणि मलाही रडता येईल. पण ती उठली, पदराने हात पुसला आणि शांतपणे म्हणाली, पानी कमी व्हयनं शे. पाणी इतकं कमी झालं म्हटल्यावर ते तिकडे बसून राहणार नाहीत, वर बघायला येतीलच.

काल तिने सुताराला बोलावून दाराची कडी काढून टाकली.

सवड काढून ये. तुझ्याशिवाय हे कोणाला सांगू?

तुझी,
अक्का