बाबांच्या खुर्चीत बसण्यास मनाई

मेलबर्न,
३ मार्च

ती. सॅवदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर तू ओरडतोस, म्हणून लिहिते आहे. आधी खाली बस. बाबांची खुर्ची हरवली.

आईला वृद्धाश्रमात जाऊन तीन आठवडे झाले. तिथे खोलीत घरचं एकच मोठं सामान चालतं आणि आईने बाबांची खुर्ची मागितली. तिथल्या खुर्चीला ती शिवत नाही. दिवसभर पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसते, त्यामुळे पाय सुजलेत आणि नर्स मला रागावते. म्हणून मी आपली खुर्ची साबणाने घासली आणि उन्हात वाळायला घरासमोरच्या गवतावर ठेवली. चहा करून परत येते तो खुर्ची नाही. शेजारच्या बाईने मग हळूच आठवण करून दिली, की हा भंगाराचा आठवडा आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते आणि मी रोज म्हणते, वाळतेय.

लोभ असू दे, राग तर येणारच आहे.

तुझी,
पोलीन

अ‍ॅडलेड,
९ मार्च

चि. पोलीन हिस,
अनेक आशीर्वाद. अक्कल वेगळ्या पाकिटातून पाठवतो आहे.

भंगाराच्या आठवड्यात गवतावर खुर्ची! अगं, साठ वर्षं त्या गल्लीत काढलीस ना? त्या आठवड्यात गवतावर जे दिसेल ते ज्याला हवं त्याचं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. माल्टाहून दोन पेट्या घेऊन आलेल्या आपल्या बाबांनी निम्मं घर तसंच तर उभं केलं. तू स्वतः तरी गवतावर फार वेळ उभी राहू नकोस, कोणीतरी उचलून नेईल.

तुझी वहिनी लोर्ना म्हणते, तिला बोलू नकोस, ती एकटी सगळं बघते. मी बोलत नाहीये, लिहितो आहे. गल्लीबोळ पालथे घाल, पण खुर्ची शोध. एकावन्न वर्षांचा संसार झाला त्यांचा. म्हातारीला नवऱ्याची तेवढी आठवण तरी जवळ नको का?

तब्येतीला जप. माया आहेच, ती कळवळ्याने ओरडते इतकंच.

तुझा,
सॅव

मेलबर्न,
२० मार्च

ती. दादास,
सा. न.

चार दुपारी पायपीट केली. पाकीट उघडलं, अक्कल सापडली नाही, पण खुर्ची सापडली.

त्याआधी आपल्या शहरात काय काय चालतं ते ऐक. विजेच्या खांबांना कोणीतरी लोकरीचे पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेत. थंडीत रांगेत उभी माणसं कुडकुडतात आणि खांब उबेत. झाडांच्या बुंध्याशी बोटभर उंचीची लाकडी दारं आहेत, एकाबाहेर पायपुसणंसुद्धा. बेकरीसमोरच्या खड्ड्यात प्लास्टिकची बदकं पोहतात, कारण खड्डा बुजवण्यापेक्षा बदकं लवकर मिळतात. एका भिंतीवर तीन मजली पोपट आहे, त्याच्या डोळ्याच्या जागी कोणाच्या तरी न्हाणीघराची खिडकी. ती उघडली की पोपट डोळा मारतो! खरं सांगते, मी तिथे एकटीच हसत उभी राहिले. साठ वर्षं याच रस्त्यांवरून मान खाली घालून भाजी आणली मी.

आणि मग वाचनालयाच्या कोपऱ्यावर बाबांची खुर्ची. हातांवर फुटक्या बश्यांचे तुकडे चिकटवलेत, पाठीवर मातीचा मॅगपाय पक्षी, आणि चारही पाय फरशीला बोल्टने आवळलेले. दोन पोरींनी गवतावरून उचलून सजवली, लोकांना आवडली, फोटो निघाले, तशी कौन्सिलला जाग आली. त्यांनी भोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: कलाकृतीवर बसू नये. खुर्चीवर, दादा!

मी कौन्सिलात गेले. ट्रेंट नावाचा कला अधिकारी आहे, दाढी मोठी, आवाज मऊ. खुर्ची आमची आहे म्हटल्यावर त्याने हळहळून मान हलवली आणि म्हणाला, सगळ्यांना असंच वाटतं, हेच तिचं यश आहे. हातावरचा सिगारेटचा डाग म्हणजे स्थलांतराची जखम म्हणे. मी म्हटलं, फुटबॉल बघताना बाबांना डुलकी लागली होती. आखूड डावा पाय म्हणजे परक्या भूमीवरची अस्थिरता. मी म्हटलं, आमची जमीन उतरती होती म्हणून त्यांनी तो करवतीने कापला. त्याने हे सगळं लिहून घेतलं, माझे आभार मानले आणि आठवण सांगितल्याबद्दल एक बिल्ला दिला. खुर्ची परत मागायचा अर्ज दिला, त्याचा विचार समिती ऑगस्टमध्ये करणार.

आईचे पाय ऑगस्टपर्यंत थांबणार नाहीत. आता तूच काय ते सांग.

तुझी,
पोलीन

अ‍ॅडलेड,
२६ मार्च

चि. पोलीन हिस,
आशीर्वाद.

गुरुवारी सकाळी अकराला वाचनालयापाशी उभी राहा. मला ओळख दाखवू नकोस.

बत्तीस वर्षं रस्त्याची कामं केली मी. या देशात चमकणारं पिवळं जाकीट घातलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. मी जाकीट, पाना आणि चार नारिंगी शंकू आणतो आहे. हातात कागद असला की बास, मग तो किराण्याच्या यादीचा का असेना. ट्रेंटचा बिल्ला मात्र लावू नकोस.

भेटीनंतर ओरडेन, तोवर माया.

तुझा,
सॅव

मेलबर्न,
६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलास हे लोर्नावहिनीच्या निरोपावरून कळलं. त्या दिवशी तू खुर्ची आश्रमात ठेवून लगेच गाडी हाकलीस, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. ट्रेंटने स्वतः तुझ्यासाठी दोरी उचलून धरली आणि पाठीला जप म्हणाला, ते मी जन्मभर विसरणार नाही. आता तिथे चार भोकं उरलीत आणि लोक त्यांचे फोटो काढतात. ट्रेंटला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही, की ते नुकसान आहे.

आता आईचं. खुर्ची पाहिल्यावर ती रडेल म्हणून मी रुमाल काढून तयार होते. तिने बश्यांच्या तुकड्यांवरून हात फिरवला, पक्ष्याला टिचकी मारली, आणि मग धप्पकन बसली. पाय लांब केले, डोळे मिटले. मी आपली गहिवरून म्हणाले, की बाबा जवळ असल्यासारखं वाटत असेल ना. तर एक डोळा उघडून म्हणाली, की मेला जवळ असता तर बसू दिलं असतं का?

दादा, एकावन्न वर्षांत ती त्या खुर्चीत दोनदा बसली होती. एकदा बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा, आणि एकदा त्यांना पुरून आल्यावर. पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं, म्हणून लगेच उठली. त्यानंतर तू आणि मीच तिला त्यात बसू दिलं नाही. बाबांची जागा म्हणून आपण तिथे फुलं ठेवत होतो, आणि ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून आपल्याला वाढत होती. आठवतंय? मला आठवलं, आणि तो रुमाल मलाच लागला.

पायांची सूज उतरते आहे. नर्सने मागितली तरी ती खुर्ची देत नाही.

आईने तुला एक विचारायला सांगितलंय: तुझ्या घरी तुझ्या खुर्चीत लोर्ना बसते का? उत्तर लोर्नाच्या हस्ताक्षरात हवंय.

माया असू दे,
पोलीन