बाजूला बसायचे दिवस

२ जुलै
राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे, एकटीच. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांनी बोट ठेवून दाखवलं. अंडाशयाच्या कडेनं काळे ठिपके, मण्यांसारखे. अर्धवट वाढून थांबलेली बीजं. पीसीओएस. पुरुषी हार्मोन जरा जास्त, म्हणून हनुवटीवरचे केस. म्हणून पाळी नाही, मूल नाही.
"शेवटची कधी आली होती?"
फेब्रुवारी म्हणाले. खरं तर त्याच्याही आधी. डॉक्टरांशीसुद्धा खोटं.
पाळी आणायच्या गोळ्या, दहा दिवस. संपल्यावर आठवड्याभरात येईल. अस्तर आत साचत राहणं बरं नाही, म्हणाल्या. वजन, चालणं. "घरी माहीत आहे ना?" मी मान हलवली. तिचा अर्थ त्यांनी लावला.

३ जुलै
पहिली गोळी कॉलेजात, स्टाफरूम रिकामी असताना.
लग्नानंतर काही महिन्यांनी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं होतं, "तुझं झालं न्हाय व्हय गं अजून?" पाळी आली नव्हती. त्यांचा चेहरा असा उजळला की बघवेना. "आजच," मी खोटंच म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत चटई टाकली. तेव्हापासून दर महिन्याला चार दिवस. देव नाही, चूल नाही, कुणाला शिवायचं नाही. माझा नवरा वि. आत एकटा झोपतो. खरं काय ते त्यालाही सांगितलेलं नाही.

७ जुलै
बाजूला बसले आहे.
आईंनी भाकरी, तूप-गूळ दाराशी आणून ठेवलं. "गरम हाय तवर खा. पोट दुखतंय का?"
दुखतंय म्हणाले.
परत जाताना भिंतीला हात लावत गेल्या. गुडघे. चार दिवस सगळा स्वयंपाक त्यांच्यावर. मी कादंबरी वाचत होते. चांगली होती. म्हणजे वाचू शकत होते.

९ जुलै
शेजारच्या कमलमावशी दारात, आवाज गल्लीभर. "दोन वर्सं झाली की. पाळणा कधी हलायचा?"
आई : "आमच्या सुनंचं सगळं येळच्या येळी हाय. घड्याळ लावून घे."
"मग खोट तुझ्या लेकात हाय म्हण की."
मी आत चटईवर. माझं एक वाक्य पुरलं असतं.
संध्याकाळी वि.पुढे अश्वगंधा घातलेलं दूध. त्यानं पेल्यात बघितलं, माझ्याकडे नाही. पिऊन टाकलं.

११ जुलै
गल्लीचं पाणी अठराला. आषाढात नदीचं नवं पाणी मिरवत नेऊन टेकडीवरच्या टेंबलाई देवीला घालायचं. "ह्या वर्षी तूच घ्यायची घागर," आई म्हणाल्या. "माझ्यानं चढ व्हत न्हाय. तुझं आत्ताच उरकलंय, काळजी न्हाय."
गोळ्या उद्या संपतात.
नाही म्हणायला कारण शोधते आहे. होतं ते एकच कारण गेल्या चार दिवसांत वापरून टाकलं.

१८ जुलै
सकाळी आली.
क्षणभर बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी शरीरानं काहीतरी केलं. मग दाराबाहेर आईंचा आवाज, "आवर की गं, पी-ढबाक वाजंत्री आली गल्लीत." हातात त्यांची स्वतःची मोतिया रंगाची साडी. सांगायला तोंड उघडलं. त्या निऱ्या धरायला खाली बसल्या, गुडघ्यांवर.
नेसले. गेले.
देवीवर माझा विश्वास नाही. तरी घाटावर घागर उचलण्याआधी नमस्कार केला. घागरीतल्या कडुलिंबाच्या डहाळ्या डोळ्यांवर येत होत्या. आई रिक्षानं येणार होत्या. अर्ध्या वाटेवर उतरल्या आणि माझ्या मागून चालू लागल्या. इतक्या जवळून की त्यांच्या पायांची बोटं माझ्या टाचांना लागत होती. छत्री खाली धरलेली, पाऊस नसताना. कमलमावशी पुढे यायला बघत होत्या. "मागं हो गं, आमच्या सुनंला चालू दे."
मी चिडून म्हणाले, "आई, थोडं लांबून चला ना."
चढभर तशाच.
पायरीवर पाणी ओतलं.
घरी आल्यावर : "साडी सोड. थंड पाण्यात घाल. गरम न्हाय, डाग बसतो."
मी चटईकडे वळले. "आतच जेव. पावणं हायेत घरात."
ताट त्यांच्या शेजारी. देव्हारा समोरच. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी. देव्हाऱ्याकडेही.

२० जुलै
रक्तस्राव खूप. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. आईंनी न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून दिली.
संध्याकाळी वि.नं विचारलं, "आज दूध न्हाय?"
"चूर्ण संपलं," आई.
फळीवर अश्वगंधाची बरणी अर्धी भरलेली आहे.

२६ जुलै
साडीचा डाग गेला नाही. फिकट, पण आहे. आईंनी ती घडी घालून स्वतःच्या कपाटात ठेवली.
वि.ला सांगायचं ठरवलं होतं. बोललो ते कॉलेजच्या वेळापत्रकाबद्दल.

४ ऑगस्ट
आई मेथी निवडत होत्या. वि. कामावरून यायचा होता.
"ह्या खेपेला कधी बसणार हायेस?"
पाल्यावरून नजर उचलली नाही. आवाजात टोमणा नव्हता. दळण कधी आणायचं, असं विचारतात तसा.
"आई," म्हणाले.
त्यांनी अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली. त्यांचे हात मात्र थांबलेले. बाहेर वि.ची गाडी वाजली.