साक्षीदाराचे हात

रविवार, १२ एप्रिल
संध्याकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तूही असशील असं धरून चालते. आई तुझ्याशी फोनवर बोलते आणि फोन ठेवला की "बरा आहे, कामात आहे" एवढंच सांगते. त्यामुळे आमच्या घरात तू कायम बरा आणि कायम कामात असतोस. फोन करायचा सोडून मी पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर बोलताना आई शेजारी उभी असते. आणि तुझा फोन आला की बाबा आतल्या खोलीत रेडिओचा आवाज बारीक करतात, हे तुला माहीत नसेल. त्यांना वाटतं आमच्या लक्षात येत नाही.

आधी बातम्या. स्वयंपाकघरातलं जुनं सिंक शेवटी बदललं. प्लंबरच्या घरचा नळ गळका असतो म्हणून शेजारी आयुष्यभर हसले, आता त्यांना नवीन विषय शोधावा लागेल. मांजरीला पिल्लं झाली, बाबांच्या हत्यारांच्या पेटीत. आठवडाभर नट आवळायचे पाने लागले की मी शेजारच्या दुकानातून उसने आणत होते, कारण तिला उठवायचं नाही असा बाबांचा हुकूम होता. कामं आता बहुतेक मीच करते. गिऱ्हाईक दार उघडतं, माझ्या मागे बघतं आणि विचारतं, प्लंबर कुठाय? मी म्हणते, मीच. नळ दुरुस्त झाला की मग काही विचारत नाहीत.

पण मी बसलेय ते माशांबद्दल लिहायला.

मी आज मासा धरला. हाताने. गळ नाही, जाळं नाही. तू हसशील. लहानपणी मी काठावर बसून तुमचे कपडे सांभाळायचे आणि पाण्यात पाय घालायचा म्हटलं तरी किंचाळायचे. आता लोकांच्या गटारात कोपरापर्यंत हात घालते, त्यामुळे किळस म्हणून काही उरलेली नाही.

गेल्या वर्षापासून मी बाबांबरोबर नदीत उतरते. तू लहानपणापासून गेलास म्हणून तुला त्याचं कौतुक उरलं असेल की नाही, कोण जाणे. मला मात्र बघून बघून पुरत नाही. ते पाण्यात उतरतात तेव्हा पाण्याला कळत नाही. गाळ उठू नये म्हणून पाय सरकवत नेतात. हात बराच वेळ नुसता पाण्यात सोडून ठेवतात, म्हणजे तो पाण्याइतकाच गार होतो. मग काठाखालच्या कपारीत, झाडाच्या मुळांमागे, दिसत नाही तिथे हात घालतात आणि डोळे मिटून घेतात. गिऱ्हाइकाच्या भिंतीत हात घालतानाही ते डोळे मिटतात, तू पाहिलं आहेस. बोटं पोटाखालून पुढे, हळूहळू, कल्ल्यांपर्यंत. मासा हलत नाही. त्याला वाटतं पाण्याचीच काही चाळवाचाळव चाललीय. आणि मग तो वर आलेला असतो. कुणी ओढला असं वाटतच नाही. बेकरीवाले काका त्यांना पाणमांजर म्हणतात ते उगीच नाही. मी आजवर पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण ज्याच्या हातात इतकी सभ्यता आहे असा माणूस दुसरा पाहिला नाही. हे मी त्यांना कधी सांगणार नाही, म्हणून तुला सांगते.

बेकरीच्या मागच्या खोलीतली मासे धरणाऱ्यांची रविवारची बैठक अजून चालू आहे. भट्टी विझलेली पण भिंती गरम, तेच मैद्याचं पोतं, तोच टवका गेलेला चहाचा थर्मास. बेकरीवाले काका अजून तीच गोष्ट सांगतात: पोत्यात घालून आणलेली सापासारखी लांब वाम मासळी रात्रीतून निसटली आणि सकाळी मळलेल्या कणकेच्या टबात सापडली. त्यांच्या साक्षीदार अर्थात काकू. काका गोष्ट रंगवून रंगवून सांगतात, शेवटी काकू पीठ लागलेले हात पुढे करतात आणि वाम दरवर्षी थोडी आखूड होते. काका कपाळाला हात लावतात, पण बोलत नाहीत. नियम त्यांनीच केलाय ना: गोष्ट धरणाऱ्याने सांगायची, माप साक्षीदाराने दाखवायचं, आणि साक्षीदाराने दाखवलं तेच खरं. दातांच्या डॉक्टरीणबाई गळाची काठी घेऊन मासे धरतात आणि सोडून देतात, त्यांची साक्षीदार त्यांची कंपाउंडर. एकदा त्यांनी सोडण्याआधी माशाचे दात तपासले होते, त्याला कीड नव्हती म्हणे. पोस्टमनकाका निवृत्त झाले, पण मासा उडी मारून टपालाच्या पिशवीत पडल्याची गोष्ट काही निवृत्त होत नाही. साक्षीदार नाही, म्हणून ती धरत नाहीत. तरी ते सांगतात आणि आम्ही ऐकतो.

बाबांची मोठ्या शिंगाळा माशाची गोष्ट मात्र त्या खोलीत कुणी काढत नाही. तू गेलास तेव्हापासून.

लहानपणी मला ती पाठ होती. तुम्ही दोघं जुन्या बांधाखाली उतरला होतात. कपारीला दोन तोंडं, म्हणून एका तोंडाशी बाबा आणि दुसऱ्या तोंडाशी तू, पाय रोवून, दात वाजत असलेला. आत तो अंड्यांवर राखणीला बसलेला. बाबांनी त्याचा जबडा धरून त्याला वर आणला, तुला दाखवला, आणि पुन्हा त्याच बिळात नेऊन ठेवला, का तर त्याचं काम अर्धवट राहिलं असतं. म्हणजे पुरावा काही नाही. तू एकटा. बैठकीत बाबा सांगायचे आणि शेवटी तू उठून दोन्ही हात ताणून पसरायचास आणि म्हणायचास, "याहून मोठा, पण माझे हात संपले." तू उंच होत गेलास तसा शिंगाळाही वाढत गेला. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, या पोराला खायला घालणं थांबवा, नाहीतर मासा नदीत मावायचा नाही.

आणि मग तो रविवार. तू बाबांना सांगितलं होतंस की दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आहे, नकाशे काढायची. ते म्हणाले, "जा की. तुला कुणी धरून ठेवलंय?" त्या दिवशी बैठकीत त्यांनी नेहमीसारखी गोष्ट सांगितली, सगळे तुझ्याकडे वळले, आणि तू उठला नाहीस. बसल्या जागी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवलीस. वीतभर.

किती हसले सगळे. बाबाही हसले, सगळ्यात जोरात. नियम म्हणजे नियम, म्हणाले. पुढे कितीतरी दिवस लोक त्यांना "काय वीतभर, आज काही मिळालं का?" असं विचारायचे आणि ते हसून उत्तर द्यायचे. पण गोष्ट पुन्हा सांगितली नाही.

मी तुला दोष द्यायला बसलेले नाही. थोडा देते, बहीण आहे. पण एक गोष्ट तुला माहीत नाही, ती मलाही गेल्या हिवाळ्यातच कळली. मी बाबांना विचारलं, तुम्ही दादाला असं का तोडून बोललात? ते खरोखर बुचकळ्यात पडले. म्हणाले, "तोडून कुठे? मी परवानगी दिली. माझे वडील मला असं म्हणाले असते तर मी नाचलो असतो." दादा, त्यांच्या मते ती परवानगी होती. आईने कपाळावर हात मारून घेतला तो आवाज तुला तिकडे ऐकू आला असेल.

आता आजचं सांगते. एवढ्या वेळात तुझ्या लक्षात आलं असेल की मी काहीतरी टाळतेय.

पाणी उतरलंय, नदी गुडघ्या-मांडीपर्यंत आली आहे. बाबा नेहमीच्या मुळांपाशी गेले, हात घातला, डोळे मिटले. मी शेजारीच होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी हात काढला आणि म्हणाले, "रिकामं आहे." मला उगाच वाटलं आपणही बघावं, म्हणून मी त्याच कपारीत हात घातला.

आत मासा होता. चांगला मोठा, शांत, अगदी तोंडाशीच. त्यांची बोटं त्याला लागली असणारच. तो माझ्या तळव्यावर श्वास घेत होता.

मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा कधी गप्प बसलाय? त्यांनी पाहिलं आणि त्यांना कळलं. मला रडू येत होतं. त्यांनी मला रडायला वेळच दिला नाही. अगदी हळू आवाजात म्हणाले, "घाई नको. पोटाखालून जा. तो हलला तर तूही त्याच्याबरोबर हल." पूर्ण वेळ ते माझ्याशी तसेच बोलत राहिले, पाणी बोलेल इतक्या हळू, आणि मी त्यांच्या शब्दांनी तो मासा धरला. वर आला तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. स्वतः धरलेल्या एकाही माशाकडे त्यांनी असं पाहिलेलं मला आठवत नाही.

त्यांच्या बोटांना काही लागत नाही, दादा. मानेत नस दबली आहे. सुरुवातीला पाना हातातून सुटायचा, आम्ही वय म्हणून सोडून दिलं. मग त्यांनी गरम पाइपाला हात टेकला आणि कातडी पोळल्याचा वास आला तेव्हा त्यांना कळलं. महिनाअखेरीला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी बिघडणार नाही. गेलेला स्पर्श परत येईल का, यावर ते खात्रीने काहीच सांगत नाहीत. मी घर चालवतेय, कामं चालवतेय, आई धीराची आहे, त्यातलं काही तुझ्याकडे मागत नाही. "हाताबद्दल त्याला लिहायचं नाही," असं बाबांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. मी माशांबद्दल लिहितेय. मध्ये हात आला त्याला माझा इलाज नाही.

मग आम्ही बेकरीत गेलो. मी माझी गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच, चुकत चुकत. त्यांनी "रिकामं आहे" म्हटलं तो भाग मी गाळला. तर त्यांनी मध्येच थांबवून तो स्वतः सांगितला, हसत, जसा काही दुसऱ्याच कुणाचा फजितीचा किस्सा. म्हणाले, "हिला मासा सापडायच्या आधी मी हिला खोटं सांगितलं होतं, तरी हिने माझं ऐकलं नाही. प्लंबर अशीच हवी." कुणाला हसू आलं नाही. डॉक्टरीणबाई त्यांच्या बोटांकडे बघत राहिल्या. आणि मग बाबांनी माझा साक्षीदार म्हणून दोन्ही तळवे टेबलावर उभे धरले. थोडंही वाढवलं नाही, थोडंही कमी केलं नाही. माझा मासा होता तेवढाच.

पोस्टमनकाकांना कुठे गप्प राहावं ते कधीच कळलं नाही. ते म्हणाले, "आणि तो मोठा? त्याचं काय झालं शेवटी?"

बाबांनी चहा फुंकला आणि म्हणाले, "त्याचा साक्षीदार बाहेरगावी आहे. तो आला की सांगीन. माप मी कसं दाखवणार?"

बेकरीवाले काका हळूच म्हणाले, "त्याने तर वीत दाखवली होती."

"त्या दिवशी त्याचे हात अवघडले होते," बाबा म्हणाले. "होतं माणसाचं असं. आता उघडतील."

घरी येताना मी त्यांना म्हटलं, दादाकडून माशाएवढा दोरा कापून मागवू का टपालाने? ते म्हणाले, दोरा चालत नाही, नियम आहे. मग बरंच अंतर चालल्यावर, मी विचारलेलं नसताना म्हणाले, "आणि ऑपरेशननंतर सांगण्यात मजा नाही. ज्या हातांनी धरला त्यांनाही ऐकू दे."

म्हणून हे पत्र. ऑपरेशनच्या आधीचा रविवार सव्वीस तारखेचा आहे. चहा तोच असतो, कडक आणि फार गोड. तुझ्या जागेवर हल्ली मैद्याचं पोतं ठेवतात, ते मी उचलून ठेवीन. क्षमा वगैरे मागायची तयारी करून येऊ नकोस, त्यांना ती कळायची नाही, ते म्हणतील कशाबद्दल. फक्त गोष्ट संपली की उठून उभा राहा.

आणि फोटोत घालतोस तो ऑफिसचा घट्ट कोट घालून येऊ नकोस. खांद्यात काचतो. हात पुरे पसरता आले पाहिजेत.

वाट बघत, पोतं उचलायला तयार,
तुझी धाकटी